फिल्मचा प्रकार : इतर

स्कॅनर टपाल कचेरीतून घसरगाडीवर आणला,
कुरेसारेच्या बर्फातनं ओढत. वजन मेंढीएवढं.
विकणाऱ्याची चिठ्ठी होती आत :
यंत्र ठणठणीत आहे. त्याचं सॉफ्टवेअर वारलं.

मीही त्याच वर्षी निवृत्त झालेली.
चाळीस वर्षं हवामान केंद्रात :
वारा, दाब, आठ भागांतलं आभाळ
किती भाग भरलंय ते.

पहिला प्रोग्राम पंधरा दिवस फुकट.
त्यानं बाबांच्या प्रत्येक फोटोवर
आडवातिडवा आपला शिक्का मारला,
जणू बाबा त्याचेच.
दुसरा देखणा, चारच बटणं,
दर वेळी विचारायचा, आवडलं ना?
आणि पार्टीतल्या माझ्या मावश्या त्यानं
उकडलेल्या बीटासारख्या लालेलाल केल्या.
तिसऱ्याला शंभर सरकपट्ट्या,
आणि माहितीपुस्तिका कुणीतरी
रागारागानं भाषांतरित केलेली.
तोच घेतला.

वाचनालयातला रास्मुस म्हणाला,
विर्वे, तुम्ही मुद्दाम अवघड वाट धरता.
असेल. पण त्यात एक खिडकी होती,
यंत्राला जे दिसतं ते तसंच दाखवणारी,
कच्चं, लाडीगोडी न लावता.
निगेटिव्हमधलं आमचं बेट :
काळा बर्फ, आईचे काळे दात,
आणि जूनमधल्या पांढऱ्या रात्री
तेवढ्या एकदाच्या काळ्या.

फिल्मचा प्रकार निवडा, तो म्हणतो.
यादी लांबलचक, सगळी श्रीमंत नावं.
स्वेमा नाही.
दुकानात आलीय कळलं की बाबा
सायकल टाकून रांगेत धावायचे, ती नाही.
अगदी तळाशी : इतर.
बरं. इतर तर इतर.
सवय आहे आम्हाला.

केंद्रातली एक कोरी वही उरली होती.

१४ जानेवारी. बाहेर उणे अकरा. एक्स्पोजर १.८. चेहरे बरे.
१५ जानेवारी. सगळं बिघडलं. मीच काहीतरी दाबलं.
१६ जानेवारी. रास्मुस म्हणतो सोळा बिट. सोळा.
२१ जानेवारी. वारा नाही. धूळ घालवायचं बटण सापडलं!

एक टिचकी, आणि साठ वर्षांचे ओरखडे गायब.
हरखले मी. तीन रिळं त्या आनंदात गेली.
चौथ्या रिळाची सोळावी चौकट मात्र
नुसता समुद्र.
बाबा रिकाम्या जागेवर चौकट घालवणारे नव्हते.
आणि तेव्हा किनाऱ्यावर जायलाच परवाना लागे,
संध्याकाळी वाळूवर दंताळं फिरे,
रात्री कुणाची पावलं उमटली तर
सकाळी कळावं म्हणून.

पान एकशे बारा, बारीक अक्षरात :
काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते.
चांदी कुठली, धूळ कुठली,
हे इन्फ्रारेडला कळत नाही.
सदर बटण बंद ठेवावे.

बंद केलं.
यंत्र साडेचार मिनिटं कण्हलं.
ओरखडे परतले, एक केस, अंगठ्याचा ठसा,
आणि क्षितिजाच्या जरा अलीकडे
एक ठिपका.
मोठा केला. अजून मोठा.
मग नुसते दाणेच दाणे.
होडी म्हणावं तर होडी.

आमच्या घरी एल्मारकाकांचं नाव निघालं
की कुणीतरी पटकन मीठ मागायचं.
अळणी कधीच काही नसे.

धूळही असू शकते, रास्मुस म्हणाला,
जरा हळू आवाजात.
असू शकते.
मी चौकट फुंकली, ब्रशनं झटकली,
पुन्हा लावली. पुन्हा साडेचार मिनिटं.

३ फेब्रुवारी. दृश्यता चांगली.
धूळ : बंद. शार्पनिंग : बंद.
ठिपका एक. तीनदा पाहिला. जागेवर आहे.
फाईलला नाव द्या, म्हणतो.
अजून दिलेलं नाही.
चहा केला. सतरावी चौकट लावली :
आई, बटाट्यांची बादली, काळं हसू.